आकडा पडद्यावर आहे, कार्डावर का नाही?

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, आणि मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र

महोदय,

दोन राज्यांच्या मंत्र्यांना मिळून एकच पत्र लिहिणे रिवाजाला धरून नाही. पण निपाणीतल्या माणसाच्या छातीत कळ आली की घरचे लोक राज्य पाहत नाहीत, रस्ता पाहतात. पुणे-बेंगळूरु महामार्गाने उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. रेशनकार्ड कर्नाटकाचे, म्हणून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचा आधार बेळगावात. महाराष्ट्राने आपला दावा असलेल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली, आणि कोणत्या गावाला कुठले कार्ड चालते या चर्चेत हृदयरोगीही ओढला गेला. एकाच माणसाची अँजिओग्राफी एका राज्यात आणि अँजिओप्लास्टी दुसऱ्या राज्यात, हे इथे सहज घडू शकते. म्हणून पत्र दोघांना. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकलेली बरी: कॅथ लॅबमधून, म्हणजे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होते त्या कक्षातून, बाहेर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर त्याला त्या दिवशी मिळालेल्या क्ष-किरणांची मात्रा लिहिलेली असावी, आणि ती लिहिल्याशिवाय सरकारी योजनेतून त्या उपचाराचे बिल मंजूर होऊ नये.

मागणी किरकोळ वाटेल, म्हणून मुळातून सुरुवात करतो. अँजिओग्राफी म्हणजे एक्स-रेचा एखादा फोटो नव्हे. मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयापर्यंत सरकवताना, रोहिण्यांत रंगद्रव्य सोडताना, बलून फुगवताना आणि स्टेंट बसवताना डॉक्टरांना आत काय चालले आहे ते सतत दिसावे लागते, आणि ते क्ष-किरणांशिवाय दिसत नाही. डॉक्टरांचा पाय पॅडलवर असतो तोवर टेबलाखालच्या ट्यूबमधून किरण निघतात, रुग्णाच्या पाठीतून शिरतात आणि वरच्या डिटेक्टरवर हलते चित्र उमटते. पाय उचलला की किरण थांबतात, मागे काही उरत नाही. (किरण म्हटले की आपल्याकडे एकदम हिरोशिमा आठवते, तसे काहीही नाही.) छातीच्या साध्या एक्स-रेत ०.०२ मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. निदानाच्या अँजिओग्राफीत साधारण ७, अँजिओप्लास्टीत साधारण १५. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट आपोआप मिळतच असतात, म्हणजे एक अँजिओप्लास्टी ही सहा-एक वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतकी. आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगाच्या ढोबळ हिशेबाने एका सीव्हर्टला कर्करोगाचा धोका सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. त्या हिशेबाने १५ मिलिसीव्हर्टचा वाढीव धोका हजारात एकाहूनही कमी भरतो. झटका आलेल्या माणसाची बंद रोहिणी उघडण्यापुढे हा धोका नगण्य आहे. हे पत्र वाचून कोणी अँजिओग्राफी पुढे ढकलली तर पत्र लिहिणे चुकले असे समजावे.

मग तक्रार कशाची? सरासरीच्या पोटात फार मोठी तफावत दडलेली असते, याची. गुंतागुंतीची, तास-दोन तास चालणारी अँजिओप्लास्टी, वजनदार रुग्ण, एकाच कोनात बराच वेळ रोखून धरलेली ट्यूब हे सगळे एकत्र आले की पाठीवरच्या एका तळहाताएवढ्या जागेला कित्येक ग्रे (एकाच जागी शोषलेली मात्रा या एककात मोजतात) मात्रा बसू शकते. दोन ग्रेच्या पुढे त्वचा तात्पुरती लाल होऊ शकते, तीनच्या आसपास त्या जागेचे केस गळतात, आणि मात्रा दहा-पंधरा ग्रेच्या पलीकडे गेली तर महिन्यांनंतर तिथे न भरणारी जखम होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा जखमांबद्दल डॉक्टरांना पहिला जाहीर इशारा १९९४ साली दिला. इजा विरळ आहे, पण तिचा स्वभाव विचित्र आहे. ती दवाखान्यात असताना दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, घरी दिसते. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, चौकोनी कडांचा लाल डाग. रुग्ण बेळगावला किंवा कोल्हापूरला परत जात नाही. तो निपाणीच्या, खानापूरच्या, संकेश्वरच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टरांसमोर पाठीवरचा डाग असतो आणि हृदयाचे कार्ड घरी कपाटात असते. नायटा समजून मलम, नागीण समजून गोळ्या, आणि डाग बरा होईना तर तुकडा काढून तपासणी. किरणांनी दुखावलेल्या त्वचेचा तुकडा काढणे हे मात्र कटाक्षाने टाळावे असे सांगितले जाते, कारण तीच जागा पुढे भरून येत नाही. कार्डावर एक आकडा असता आणि तो जास्त आहे असे शेजारी लिहिले असते, तर गावच्या डॉक्टरांनी डाग पाहताच शर्ट खाली करायला सांगून फोन उचलला असता.

आता त्या आकड्याची गंमत पाहा. तो काढण्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, माणूस नेमावा लागत नाही. आजची कॅथ लॅबची यंत्रे तो स्वतःच मोजतात. किती मिनिटे किरण चालू होते, ठरलेल्या बिंदूपाशी एकूण किती ग्रे जमले, आणि मात्रा गुणिले क्षेत्रफळ किती, हे सगळे डॉक्टरांच्या समोरच्या पडद्यावर क्षणोक्षणी वाढत असते आणि शेवटी अहवालाच्या रूपात साठवले जाते. म्हणजे माहिती जन्माला येते, पडद्यावर झळकते, यंत्राच्या स्मृतीत जाते आणि तिथेच राहते. याच्याशेजारी स्टेंटची गोष्ट ठेवून पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी लेपाचा २९,६०० रुपये. त्याच आदेशात दवाखान्यांवर बंधन आले की बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची, कंपनीचे नाव, ब्रँड आणि बॅच क्रमांकासह. आज रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदांत स्टेंटचे स्टिकर असते. रोहिणीतल्या जाळीचा बॅच क्रमांक मिळतो, पाठीतून गेलेल्या किरणांचा हिशेब सहसा मिळत नाही. पहिली गोष्ट पैशाची होती म्हणून तिच्यासाठी आदेश निघाला, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे अवघड आहे.

या आकड्याशी आणखी काही माणसांचे हित बांधलेले आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोलले जाते. कॅथ लॅबमध्ये रुग्ण आयुष्यात एकदा-दोनदा येतो. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ तिथे वर्षानुवर्षे उभे असतात. त्यांना बसणारे किरण थेट ट्यूबमधून येत नाहीत, ते रुग्णाच्या शरीरावर आदळून विखुरलेले असतात. म्हणूनच रुग्णाची मात्रा कमी झाली की टेबलाशेजारच्या माणसाची आपोआप कमी होते. लेड अप्रन धड झाकतो, पण पाठ आणि कंबर त्याच्या वजनाने दुखते, आणि डोके, डोळे, हात उघडेच राहतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकेत झालेल्या एका तपासणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या हृदयरोग तज्ज्ञांपैकी ३८ टक्क्यांच्या आणि परिचारिका-तंत्रज्ञांपैकी २१ टक्क्यांच्या डोळ्यांच्या भिंगात मागच्या बाजूला किरणांमुळे होणाऱ्या धुरकटपणासारखे बदल आढळले. किरणांशी संबंध नसलेल्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. नंतर, २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसीव्हर्टवरून सरासरी २० वर आणायची शिफारस केली. आपल्याकडे संपूर्ण शरीराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट आहे. ही दुसरी मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीपेक्षाही कडक आहे, ही आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची जमेची बाजू. पण ती मोजायची कशाने? छातीवर लावायच्या, किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजने. आणि बॅज वेळेवर न लावण्याची, अप्रनसोबत खुंटीवर टांगून ठेवण्याची सवय जगभर नोंदलेली आहे, कारण आकडा मर्यादेच्या वर गेला तर काम थांबेल ही भीती. ज्या आकड्याची कर्मचाऱ्याला भीती वाटते, त्या आकड्यावर त्याच्या डोळ्यांचे रक्षण सोपवून आपण स्वस्थ बसलो आहोत. रुग्णाच्या कार्डावरचा आकडा यातून सुटतो. तो कोणाच्या नोकरीशी बांधलेला नसतो, आणि तो यंत्र स्वतः लिहिते.

केवळ लिहिल्याने मात्रा कमी कशी होईल, हा रास्त प्रश्न आहे. मात्रा कमी करण्याचे उपाय बहुतेक फुकटचे आहेत आणि प्रत्येक प्रशिक्षित डॉक्टरला ठाऊक आहेत. सेकंदाला पंधरा चित्रांऐवजी साडेसात चित्रे घेतली तरी बहुतेक कामे होतात, आणि मनगटातून होणाऱ्या अँजिओप्लास्टीवरील एका तुलनेत एवढ्यानेच डॉक्टरांची मात्रा तीसेक टक्क्यांनी घटली. किरणांची चौकट हव्या तेवढ्याच भागावर आखायची. डिटेक्टर छातीच्या जवळ, टेबल ट्यूबपासून उंच. ‘सिने’ म्हणजे जतन करायची फिल्म घेताना प्रत्येक चित्रामागे नेहमीच्या हलत्या चित्राच्या, म्हणजे फ्लुओरोच्या, दसपट किंवा अधिक मात्रा जाते, तेव्हा जिथे फ्लुओरोचे साठवलेले चित्र पुरते तिथे सिने घ्यायची नाही. डाव्या मुख्य रोहिणीचा फाटा पाहण्यासाठी लागणारा, लॅबमध्ये ‘स्पायडर’ म्हणतात तो तिरपा कोन मात्रा कित्येक पटींनी वाढवतो. तो लागतोच, पण लागेल तेवढाच. छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल ओढून पुढे घ्यायची, आणि सिने चालू असताना ज्यांचे हात रुग्णाला लावायची गरज नाही त्यांनी एक पाऊल मागे जायचे. अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते. यातले एकही पाऊल खरेदी समितीकडे जाणारे नाही. अडचण माहितीची नाही, घाईची आहे. लागोपाठच्या केसेसमध्ये ढाल बाजूला राहते, चौकट उघडीच राहते, आणि पाय पॅडलवर असतो तेव्हा डोळे वायरच्या टोकावर असतात, कोपऱ्यातल्या आकड्यावर नाही. अमेरिकेत ५०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अर्ध्या केसेसमध्ये डॉक्टरांच्या अंगावर मात्रा वाढताच ‘बीप’ करणारे छोटे यंत्र लावले होते. यंत्र काहीच अडवत नव्हते, फक्त वाजत होते. तेवढ्यावर डॉक्टरांची मात्रा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. मोजलेले समोर आले की हात बदलतो, एवढाच याचा अर्थ. आणि जो आकडा संध्याकाळी कार्डावर स्वतःच्या सहीखाली जाणार आहे तो दिवसा समोर राहतोच.

विरोधातला पहिला मुद्दा डॉक्टरांकडूनच येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. आकडे तुलनेला लागले की अवघड केसेस हातात घेणाऱ्याचीच बदनामी होईल. वर्षानुवर्षे पूर्ण बंद असलेली रोहिणी उघडणाऱ्याचा आकडा मोठा येणारच. सोप्या केसेस निवडणारा पत्रकात शहाणा ठरेल. हे अगदी खरे आहे, म्हणूनच या पत्रात दवाखान्यांची क्रमवारी मागितलेली नाही, मागणारही नाही. जगाने यावर उत्तर शोधलेले आहे. एकेका रुग्णाच्या आकड्यावरून न्याय करायचा नाही. एका प्रकारच्या पुष्कळ केसेसचा मध्यक काढायचा आणि तो संदर्भ पातळीशी ताडून पाहायचा. युरोपातल्या अशा एका अभ्यासाने अँजिओग्राफीसाठी ३५ आणि अँजिओप्लास्टीसाठी ८५ ग्रे-चौरस सेंटिमीटर ही संदर्भ पातळी सुचवली. ती शिक्षेची रेषा नाही. एखाद्या लॅबचा मध्यक सातत्याने वर राहिला तर कारण शोधायचे, एवढाच तिचा उपयोग. कारण कधी जुने यंत्र निघेल, कधी खरोखर अवघड रुग्ण, कधी सेकंदाला तीस चित्रांवर राहून गेलेली सेटिंग. बेळगाव आणि कोल्हापूर या पट्ट्याची स्वतःची संदर्भ पातळी तयार व्हावी इतक्या केसेस इथे नक्की होतात. मात्र कार्डावर आकडे उतरल्याशिवाय ती तयार करायची कशातून?

दुसरा आक्षेप रुग्ण घाबरतील हा. साखरेचा आकडा, कोलेस्टेरॉलचा आकडा, हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी हे सगळे आज तालुक्याचा शेतकरी तोंडपाठ सांगतो. इको रिपोर्टवर ‘३५ टक्के’ वाचून तो घाबरतो तेवढा किरणांच्या आकड्याने घाबरणार नाही. घाबरवणारी गोष्ट अर्थ न सांगितलेला आकडा ही आहे, तेव्हा शेजारी अर्थ लिहावा. अमेरिकेच्या किरण-संरक्षण परिषदेने पाच ग्रे ही पाठपुराव्याची सीमा सुचवली आहे. तिच्या आत असेल तर ‘विशेष काळजीची गरज नाही’, बाहेर असेल तर ‘पाठीवर डाग दिसल्यास कळवा’. हे वाक्य कन्नड आणि मराठी दोन्हीत छापावे. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो हे मान्य. पण पाठीवरचा डाग आरशात शोधणाऱ्या बाईला ते वाक्य तिच्या भाषेत कळावे, यात कोणाचा पराभव आहे असे वाटत नाही.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. किरणांचा कारभार केंद्राचा आहे, १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, कॅथ लॅबला त्याचा परवाना लागतो, राज्याने त्यात हात का घालावा? मंडळ यंत्र सुरक्षित आहे का, भिंती पुरेशा जाड आहेत का, कर्मचाऱ्यांचे बॅज आहेत का, किरण सुरक्षा अधिकारी नेमला आहे का, हे पाहते आणि पाहावेच. पण एखाद्या बुधवारी एखाद्या रुग्णाला किती मात्रा मिळाली हे विचारण्याची खरी ताकद पैसे देणाऱ्याकडे असते, आणि या पट्ट्यातल्या गरीब रुग्णाचे पैसे तुम्ही दोघे देता. बिलासोबत स्टेंटचे स्टिकर मागता, अँजिओची फिल्म मागता, तशीच यंत्राने छापलेली मात्रा मागा. कायदा बदलावा लागत नाही. मंजुरीच्या अर्जात एक रकाना वाढतो.

त्या रकान्यातून आणखी एक गोष्ट बाहेर येईल, आणि कदाचित तिच्यामुळेच हा रकाना काहींना नकोसा वाटेल. सर्वांत मोठी किरणबचत ढालीत नाही, चौकटीत नाही. न लागणारी तपासणी न करण्यात आहे. स्थिर छातीदुखीच्या ५,१७९ रुग्णांवरील ‘इस्केमिया’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले: औषधांच्या जोडीला लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत, छातीदुखीला मात्र उतार पडला. तीव्र झटक्याला हे लागू नाही, आणि डाव्या मुख्य रोहिणीच्या आजारालाही नाही. तरीही पुष्कळ केसेसमध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांना विचार करायला सवड आहे, एवढे त्यातून नक्की सिद्ध होते. सीमाभागात याला एक खास पदर आहे. कोल्हापुरात झालेल्या अँजिओची सीडी बेळगावात उघडली नाही, हरवली किंवा नियमात बसली नाही, म्हणून तीच तपासणी पुन्हा होते तेव्हा ती सात मिलिसीव्हर्ट निव्वळ कागदाच्या चुकीपायी जातात. कार्डावर आधीची तारीख, ठिकाण आणि मात्रा लिहायची सक्ती असेल तर पुन्हा तपासणी करताना कोणाला तरी कारण लिहावे लागेल. कारण लिहावे लागणे हा पुष्कळदा पुरेसा लगाम असतो.

याची वेळ आत्ताच का, तेही सांगायला हवे. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, आणि त्यांच्या नावाने कर्नाटकाने २०२३ मध्ये हृदय ज्योती योजना आणली: तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी, तो दुरून वाचला जाणे, गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत. चांगली योजना आहे. तिचा वैद्यकीय परिणाम असा की इंजेक्शननंतरचा रुग्ण साधारणतः एका दिवसाच्या आत अँजिओग्राफीसाठी मोठ्या केंद्राकडे पाठवायचा असतो. म्हणजे चिक्कोडी, निपाणी, अथणीकडून कॅथ लॅबकडे येणारी रांग वाढणार, आणि त्या रांगेत चाळिशी-पंचेचाळिशीतली माणसे असणार. तंबाखू पिकवणारा, वळणारा आणि ओढणारा हा पट्टा आहे. इथे हृदय लवकर थकते. सत्तरीतल्या माणसाला किरणांचा उशिराचा धोका बराच कमी, कारण तो दिसायला लागणारी वर्षेच कमी. बेचाळीस वर्षांच्या विडी कामगाराला पुढे तीस वर्षे आहेत आणि त्या तीस वर्षांत आणखी दोन-तीन प्रक्रिया. त्याच्या मात्रांची बेरीज आज कुठेच होत नाही.

तेव्हा मागणीचा मसुदाच इथे देतो, म्हणजे सचिवालयात वेळ जायला नको. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटच्या स्टिकरखाली चार गोष्टी: बिंदूपाशी जमलेली मात्रा ग्रेमध्ये, मात्रा गुणिले क्षेत्रफळ, किरण चालू असलेली मिनिटे, आणि याआधीच्या हृदयप्रक्रियांची तारीख व ठिकाण. पाच ग्रेच्या वर असेल तर लाल शाईत, पाठ तपासायची सूचना कन्नड आणि मराठीत, आणि लॅबचा फोन. दर सहा महिन्यांनी योजनेच्या कार्यालयाने प्रत्येक लॅबला तिचाच मध्यक आणि परिसराचा मध्यक बंद पाकिटात कळवावा. नावे जाहीर करू नयेत. कर्नाटकाचे अधिवेशन डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते, तेव्हा कर्नाटकाच्या अधिकाऱ्यांना कॅथ लॅबपर्यंत येऊन तो पडद्यावरचा आकडा स्वतः पाहायला फार लांब जावे लागणार नाही. आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बेळगावचे कार्ड हातात घेतल्यावर त्यांना तो रकाना त्याच जागी सापडावा, इतके दोन्ही राज्यांत ठरले तरी पुरे.

कळावे,
सीमाभागातील एक नागरिक